माडीचे बैल

मी मुळातली भित्री. शेजारच्या घरात पाल चुकचुकली तरी माझा हात छातीवर जातो. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तो माझ्या वाट्याला सरकारी हुकमाने आला. नवरा आमच्या गावातल्या जुन्या माडीवर पहारेकरी होता. तापाचं निमित्त झालं आणि तो गेला. अनुकंपेवर त्याच्या जागी मला घेतलं. घरात सासू, शिकणारी मुलगी आणि मी, त्यामुळे नाही म्हणायची सोयच नव्हती. पहिल्या दिवशी किल्ल्यांचा जुडगा हातात आला तेव्हा कुलूप उघडायला मी सासूला सोबत नेलं होतं. ती ओट्याच्या खालीच थांबली. मला वाटलं, गुडघे दुखत असतील.

बोरी अरबपासून थोडं आत आमचं गाव आहे. गावात त्या घराला सगळे माडीच म्हणतात. दाराशी पुरातत्त्व खात्याची निळी पाटी आहे. हे घर संरक्षित आहे, त्याला कोणी इजा केली, खोदलं, रंगवलं, तर शिक्षा होईल, असं तिच्यावर लिहिलेलं आहे. माणसांपासून घराला कसं वाचवायचं ते सगळं पाटीवर आहे. घरापासून माणसांना कसं वाचवायचं याबद्दल एक ओळ नाही.

माडी बांधली एका कापसाच्या व्यापाऱ्याने. तेव्हा आमच्याकडची छोटी रेल्वे यायची होती आणि कापूस बैलांच्या पाठीवरून जायचा. तांड्यावरची माणसं गोण्या लादून महिनोन्‌महिने चालायची, आणि त्यांच्या बैलांच्या जिवावर या माणसाने गडगंज पैसा केला. पुढे रेल्वे आली. तांड्याच्या माणसांनी जमिनी धरल्या, शेती सुरू केली. व्यापाऱ्याची नातवंडं शहरात गेली. मग ती रेल्वेही बंद पडली. माडी तेवढी जागेवर राहिली.

खालचा मजला काळ्या दगडाचा. तिथं कापसाचं कोठार होतं, म्हणून खिडकी एकही नाही, नुसत्या हात जाईल एवढ्या फटी. आत पाऊल टाकलं की डोळ्यांना काही दिसायच्या आधी वटवाघळांचा वास येतो. वरचा मजला चपट्या विटांचा आणि चुन्याचा. तिथं लांबलचक बैठक आहे, दारांवर लाल-हिरव्या काचा आहेत, आणि छताला झरी जामणीकडच्या जंगलातलं सागवान आहे. भिंती इतक्या जाड की वर जायचा जिना भिंतीच्या पोटातून काढला आहे. एका वेळी एकच माणूस, तोही मान वाकवून. वरून दुसरं कोणी उतरत असेल तर एकाला मागं फिरावं लागतं. पाहायला येणारी माणसं या जिन्याचं फार कौतुक करतात. मला त्यात शिरताना दर वेळी वाटायचं, आता मागचं दार आपोआप लागणार.

माडीची खरी शोभा म्हणजे समोरचा सज्जा. घराच्या पूर्ण रुंदीचा, लाकडी, पटांगणावर पुढे आलेला. तो ज्या तुळयांवर उभा आहे त्यांची एक टोकं भिंतीत गाडलेली आणि बाहेरच्या टोकांना बैलांची तोंडं कोरलेली. दुसऱ्यांच्या वाड्यांना मोर असतात, हत्ती असतात. या माणसाने बैल कोरून घेतले. एकाचं तोंड दुसऱ्यासारखं नाही. कुणाचा कान तुटका, कुणाच्या कपाळावर भोवरा. वाटेत ओझ्याखाली मेलेल्या खऱ्या बैलांची ती तोंडं आहेत, असं गावात सांगतात. खरं-खोटं त्या बैलांना माहीत. मी आपली येणाऱ्या-जाणाऱ्याला ते खरं म्हणूनच सांगायची, कारण ते ऐकून लोक गप्प होतात आणि भिंतीवर नाव कोरायचं विसरतात.

या बैलांमुळेच पोळा माडीसमोर भरतो. गावातले सगळे बैल पटांगणात तोरणाखाली रांगेने उभे राहतात, माणसं झडत्या, म्हणजे पोळ्याची चढाओढीची गाणी, म्हणतात, वाजंत्री वाजते, आणि गावातल्या बाया सज्ज्यात उभ्या राहून वरून पोळा पाहतात. तोरण तुटलं की त्या वरून लाह्या आणि फुटाणे उधळतात. खालची पोरंसोरं, गडीमाणसं ते वेचतात. माडी सरकारकडे गेली तरी ही चाल मोडली नाही. दिवसभरापुरतं कुलूप उघडायचं आणि संध्याकाळी लावायचं, असं नवऱ्याच्या वेळेपासून चालत आलं होतं.

आणखी एक चाल होती. आदल्या दिवशी बैलांची शिंगं रंगवून झाली की उरलेला ऑइलपेंट घेऊन लोक माडीवर यायचे आणि लाकडी बैलांनाही एकेक हात द्यायचे. ज्यानं आपल्या बैलाला लाल लावला तो इथंही लाल लावणार, ज्याचा निळा त्याचा निळा. कोणी शिंगांना लावायचं, कोणी अख्ख्या तोंडाला, कोणी हौसेने थेट भिंतीपर्यंत तुळई रंगवून काढायचं. मुकी जनावरं पण घरचीच, त्यांना उपाशी कसं ठेवायचं, असा हिशेब. वर्षानुवर्षं हात चढत गेले. रंगाचं कातडं इतकं जाड झालं की कोरलेल्या भुवया बुजून बैल झोपाळू दिसायला लागले. पण चकचकीत होते. दुरून पाहिलं तर कालच घडवलेत असं वाटायचं.

आमच्या वस्तीतल्या बाया वर कधी जात नव्हत्या. आता कोणी अडवत नव्हतं. पण चाल नव्हती, एवढंच. आम्ही बौद्ध, पोळ्याची पूजा आमच्याकडे नाही, तेव्हा आपल्याला काय करायचं आहे, असं म्हणून विषय संपायचा. सासू लग्न होऊन या गावात आली तेव्हापासून पोळ्याच्या आधी ते पटांगण झाडत आली. पूर्वी ते झाडणं आमच्या घराकडेच होतं. वरून पडलेल्या लाह्या तिने पदरात वेचल्या आहेत. किल्ली माझ्याकडे आल्यावर दर वर्षी मी तिला म्हणायची, आत्याबाई, या वर. ती म्हणायची, पुढच्या साली पाहू.

त्या वर्षी आखाडातच ती भाकर थापता थापता म्हणाली, "यंदा मी वरतं जातो पोळ्याले."

मी चिडवलं, "पोळा आपला आहे का आत्याबाई?"

"पूजा कोन करून राह्यलं? मले त्या सज्ज्यात उभं राहा लागते. गुडघे आणखीन एक साल थांबत नाईत माहे. अन् वरून लाह्या फेका लागते. लय उचलल्या खालून."

ती हसत बोलली, पण तवा उतरवायचा विसरली आणि भाकर करपली. मला फार आनंद झाला. दुसऱ्या दिवशी तिने वस्तीत सांगितलं, तर आणखी काही बाया तयार झाल्या. तिने जयंतीला नेसायचं पांढरं लुगडं बाहेर काढून उन्हात टाकलं.

त्याच पावसाळ्यात खात्याचे साहेब पाहणीला आले. भला माणूस. माझ्या हातचा चहा घेतला, मुलीच्या शाळेची चौकशी केली. बैलांकडे पाहून मात्र त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, "बाई, हा रंग बंद करा. एक थेंबसुद्धा नको आता. लाकूड गुदमरतं याच्याखाली." मी गावात तसं सांगितलं. कोणाला आवडलं नाही. सरकारचं घर असेल, बैल तर आमचे आहेत ना, असं लोक तोंडावर म्हणाले. मी हात जोडले आणि साहेबांवर ढकललं.

मग श्रावणात झड लागली. एरवी पोळ्याला नवा रंग बसायचा आणि पावसात पडलेल्या भेगा झाकल्या जायच्या. या वेळी रंग लागणार नव्हता, म्हणून माझं त्या भेगांकडे लक्ष होतं. एका दुपारी पाऊस उघडला म्हणून मी ओटा झाडत होते. मधल्या एका बैलाच्या गळ्याखाली रंग फुगलेला दिसला. स्टुलावर चढून मी अंगठा लावला. गार झालेल्या दुधावरच्या सायीसारखा रंग आत गेला आणि अंगठा त्याच्या मागोमाग. आतून काळा ओला भुसा माझ्या मनगटावर सांडला.

मी स्टुलावरून उतरले आणि सरळ फाटकाबाहेर जाऊन उभी राहिले. मला आठवत होतं ते एवढंच, की गेल्या पोळ्याला त्या सज्ज्यात इतक्या बाया होत्या की मागच्यांना काही दिसत नव्हतं, आणि त्या वाजंत्रीच्या तालावर पाय आपटत होत्या. काहींच्या कडेवर लेकरं होती. पळायचं म्हटलं तर तो भिंतीतला जिना, एका माणसापुरता. 

साहेबांना फोन लावला. ते जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला कुठं तरी मुकुटबनकडे होते. त्यांनी नीट ऐकून घेतलं. म्हणाले, वरचं लाकूड सडलेलं असेल, आतलं चांगलंही असू शकतं, सागवान आहे, पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. सण झाल्यावर येतो. "तोवर वर कोणाला सोडू नका, बाई. एवढं तुम्ही सांभाळा." एवढं म्हणजे केवढं, ते त्यांना ठाऊक नव्हतं. फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की कोणालाच सोडायचं नाही म्हणजे सासूलाही नाही.

घरी सांगायचं धैर्य मला झालं नाही. रोज ठरवायची, आज बोलते. घरी जावं तर ती लाह्या फोडत बसलेली असायची. रात्री डोळा लागला की मला सज्ज्याखालून लाकूड मोडल्याचा आवाज ऐकू यायचा. दुसऱ्या दिवशी जाऊन पाहावं तर माडी होती तशी. एकेका बैलाला मी बोटाने वाजवून पाहायची. पण भरीव आवाज कसा आणि पोकळ कसा, हे मला काय माहीत? कधी वाटायचं सगळेच पोकळ आहेत, कधी वाटायचं सगळेच भरीव आहेत आणि मीच वेडी आहे. गावात दोघा-तिघा शहाण्यांना सांगितलं, ते म्हणाले, सागवान आहे बाई, तुम्ही मराल पण ते मरणार नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी गावभर बैलांचे खांदे शेकणं चाललं होतं. संध्याकाळी मी एकदाची बोलले. "आत्याबाई, उद्या सज्जा उघडत नाही मी. लाकडाचा भरोसा नाही." ती लुगड्याची घडी घालत होती. तिने मान वर केली नाही. म्हणाली, "उघडत नाई म्हंते! गाव तुले उघडाले लावन. पाहाय तू." आणि घडी पुरी करून ती निजली.

दुसऱ्या दिवशी दुपारपासून मी ओट्यावर जिन्याच्या दाराला पाठ लावून उभी होते. किल्ली मी झंपरात ठेवली होती.  पहिल्या आल्या त्या मानाच्या घरच्या काकू. ज्या घरच्या बैलाला पोळ्यात पहिला मान, त्या घरच्या बाईचं सज्ज्यात पहिलं पाऊल, ही रीत. त्यांच्यामागे पंधरा-वीस बाया, नटूनथटून, हातात ताटं.

"उघड नं वं कुलूप. काय पाहून राह्यली?" काकू म्हणाल्या.

"काकू, यंदा वर कोनालेच सोडत नाई मी. सज्ज्याचं लाकूड सडलं."

"काहून? मागच्या साली तं साबूत होतं."

मागून एक जण म्हणाली, "रंग लावाले मना केला, तवापासून सडलं वाट्टे." सगळ्या हसल्या. मग दुसरा आवाज आला, कोणाचा ते मी आजपर्यंत शोधलं नाही. "याईच्या वस्तीतल्या बाया यंदा वर येनार हायेत म्हंते. मंग आपल्याले कायले सोडतीन? माडी आता त्याईचीच झाली." आता कोणी हसलं नाही. काकूंचा चेहरा बदलला. खाली पुरुषांपैकी कोणी तरी ओरडलं, कुलूप तोडा, एका दगडाचं काम आहे.

मी दाराची कडी घट्ट धरली. उघडलं तर ही सगळी वर जाणार, आणि मी खाली उभी राहून तो आवाज ऐकणार. नाही उघडलं तर कुलूप तोडून जाणार, आणि वर पुन्हा नोकरी जाणार. तेवढ्यात आमच्या वस्तीतल्या बाया पटांगणात शिरल्या. पुढे सासू. पांढरं शुभ्र लुगडं, पदरात बांधलेल्या लाह्यांचं गाठोडं. ओट्याला दगडी पायऱ्या आहेत. तिने कठड्याला हात लावला, एक पाय टाकला, मग दुसरा. मी त्या घरात इतकी वर्षं नोकरी केली आणि तिला ओट्यावर चढताना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. बायांनी आपोआप वाट दिली. ती सरळ माझ्यासमोर आली.

"सरक," ती म्हणाली.

"नाई, आत्याबाई."

"काय नाई?"

"वर नाई जायचं. कोनालेच नाई."

तिने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. "कोनालेच म्हंजे मले बी?"

मी तिच्याकडे पाहूच शकले नाही. मी काकूंकडे पाहिलं आणि माझ्या तोंडून निघालं ते असं: "काकू, हे माही सासू. जलमभर हे खालचं पटांगन झाडलं तिनं. आज पयल्यांदा वर जाले आली. मले खोटंच बोलायचं असतं, तं हिले अडवलं असतं का मी?"

पटांगणातली वाजंत्री चालूच होती. काकू सासूच्या तोंडाकडे पाहत होत्या. मी कितीही शपथा घेतल्या असत्या तरी पटलं नसतं, ते त्यांना तिचा चेहरा पाहून पटलं. त्यांनी ताट एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं आणि म्हणाल्या, "चला वं बायाहो. खालूनच पाहू."

मी सुटकेचा श्वास घेतला, तो अर्धाच. कारण बाया ओट्यावरून उतरल्याच नाहीत. ऊन होतं, त्यामुळे सगळ्या ओट्यावरच, बरोबर सज्ज्याच्या सावलीत बसल्या. डोक्यावर ते रंगीत बैल. मी कुणाच्या पाया पडले, कुणाचा हात ओढला, एकीचं लेकरू उचलून चालू पडले तेव्हा ती शिव्या देत माझ्यामागे आली. सगळ्यांना मी पटांगणाच्या कडेच्या निंबाखाली नेलं. नोकरी लागल्यापासून गावात एवढ्या शिव्या मी कधी खाल्ल्या नव्हत्या. सासू शेवटी उठली. तिला मी हात लावला नाही. ती आपली आपण उतरली आणि थेट घरी गेली.

पोळा भरला. मी बैलांकडे पाहिलंच नाही, माझे डोळे सज्ज्यावर होते. ढोलाच्या दर ठोक्याला मला वाटायचं, आता. फटाक्यांची लड लावली तेव्हा एका बैलाच्या कानावरचा रंगाचा कपटा गळून ओट्यावर पडला, आणि माझ्या तोंडून किंकाळी निघाली. आजूबाजूच्या बाया हसल्या. तोरण तुटलं, बैल पांगले, सूर्य कलला. माडी जशीच्या तशी उभी होती. लाकडाची एक ढलपीसुद्धा पडली नव्हती. मला तेव्हा काय वाटलं ते लिहिते. मला वाटलं, पड एकदाची. आता खाली कोणी नाही, पड.

ती पडली नाही. दुसऱ्या दिवसापासून मी गावाच्या करमणुकीचा विषय झाले. पिठाच्या गिरणीत गेले की, पडली का वं माडी? दुकानात गेले की, बाई, आमचं घर पाहून जा जरा, आमचंही पडणार आहे का सांगा. मी हसण्यावारी नेत होते. घरात मात्र हसता येत नव्हतं. सासू जेवत होती, कामं करत होती, नातीशी बोलत होती. माझ्याशी नाही. शेवटी मीच एकदा चिडले. म्हटलं, "जीव वाचवाले केलं मी ते."

"कोनाचा? कोन मेलं?" ती म्हणाली. मग हळूच म्हणाली, "तुवा मले पुढं करून आपलं खरं केलं. माह्या तोंडाकडं पाहून गेल्या त्या." हे तर खरंच होतं. मी उठून भांडी घासायला बसले.

नंतर एका साध्या दुपारी ती आपण होऊन माडीवर आली. मला म्हणाली, सज्ज्यात नको, पण वर तर चालते ना? मी होय म्हटलं. आतली बैठक दगडी भिंतींवर आहे, तिथं धोका नव्हता. भिंतीतल्या जिन्याने ती पुढे, मी मागून तिच्या कमरेला हात देत. अंधारात तिचा श्वास एवढा मोठा वाजत होता की मला वाटलं इथंच काही तरी होतं आता. वर पोचल्यावर ती खिडकीशी गेली. खाली पटांगण रिकामं होतं. कोणाची तरी मोटारसायकल उभी होती, आणि कोंबड्या. तिने पदराची गाठ सोडली. त्याच लाह्या, सादळलेल्या. गजांतून मूठभर बाहेर टाकल्या. काही सज्ज्यावर पडल्या, काही खाली. कोंबड्या धावल्या.

बराच वेळ पाहून ती म्हणाली, "खाली मानसं असली म्हंजे चांगलं दिसत असन." आणि उतरायला लागली.

हिवाळ्यात साहेब आले, माणसं आली, लोखंडी टेकू लागले. सज्ज्यावर व्यापाऱ्याच्या वारसांनी कधी काळी गळती थांबवायला सिमेंटचा कोबा केला होता. तो फोडला. पाणी कोब्याखाली मुरत होतं, आणि रंगाच्या कातड्यामुळे बाहेर यायला त्याला वाट नव्हती, असं साहेबांनी समजावून सांगितलं. एकामागून एक बैल खाली उतरवून कोठारात गवतावर निजवले. माझा अंगठा ज्या बैलात गेला होता, तो वरवरचाच नासला होता. तासल्यावर आतून तांबडं, ठणठणीत सागवान निघालं. मला चक्कर यायची बाकी राहिली. एका अंगठ्यावर मी अख्खा पोळा अडवला होता, आणि तो अंगठाच चुकला होता. मग कोपऱ्यातले दोन बैल ओढले. ते ओढावे लागलेच नाहीत. भिंतीत गाडलेली त्यांची टोकं उरलीच नव्हती, कामगारांच्या हातात नुसती तोंडं आली. भिंतीतल्या भोकांमधून भुसा घळाघळा ओट्यावर सांडला. बाया बसल्या होत्या तिथंच.

मी साहेबांना विचारलं, त्या दिवशी बाया वर गेल्या असत्या तर? ते खरं बोलणारे आहेत. म्हणाले, "तरलं असतं कदाचित. कदाचित नसतं. कोणीच सांगू शकत नाही, बाई." नवा सज्जा कधी होईल, तेही त्यांना सांगता आलं नाही. सागवान तसंच मिळायला हवं, कोरणारा मिळायला हवा, मंजुरी हवी. दोन पोळे जातील, तीनही जातील.

संध्याकाळी मी तो भुसा पदरात भरून घरी नेला. सासू ओसरीत बसली होती. तिच्यासमोर मी तो फरशीवर ओतला आणि कोपऱ्यातल्या बैलांचं सगळं सांगितलं. तिने चिमूटभर उचलून बोटांत चोळला, नाकाला लावला. मी वाट पाहत होते. बरं झालं अडवलंस, एवढं तिने म्हणावं, म्हणजे माझी गेल्या कित्येक महिन्यांची झोप मला परत मिळाली असती.

"त्याईच्या सासवा नाचल्या यावर," ती म्हणाली, "सुना नाचल्या. तवा नाई सडलं." तिने बोटं लुगड्याला पुसली. "आपला नंबर लागला, अन् सडलं."